दोर कोणीं ओढावा?

यंदा गौरीपूजनाच्या दिवशीं आमच्या घरीं कटाची आमटी खारट झाली. थोडीथोडकी नव्हे, पहिल्या घांसासरशीं पंक्तींतील बावीस माणसें एकदम पाण्याच्या भांड्याकडे वळलीं, इतकी खारट. आमच्या घरांत नैवेद्याचा स्वयंपाक अद्याप सोंवळ्यांत होतो, आणि देवाला दाखविण्यापूर्वीं त्याचा थेंबहि जिभेवर ठेवण्याची सोय नसते, हें वाचकभगिनींना सांगावयास नकोच. आमटींत मीठ आधीं थोरल्या वहिनींनीं घातलें. त्या पुरणयंत्राकडे वळतात न वळतात तोंच आत्याबाईंनीं, तें घालावयाचें राहिलें असें समजून, पुन्हां घातलें. घडलें तें एवढेंच. परंतु जेवणें उरकल्यावर चौकशीअंतीं जें निघालें तें आमटीहूनहि खारट होतें. आमची धाकटी सून त्या वेळीं शेजारींच भजीं तळीत उभी होती, आणि मीठ दोन्ही वेळां पडतांना तिनें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें होतें. "मग बोलली कां नाहींस?" असें सौभाग्यवतींनीं विचारतांच ती खालीं पाहून म्हणाली, "मागच्या वर्षीं गुळाचें माप चुकल्याचें बोललें होतें, तेव्हां..." पुढचें वाक्य तिनें पुरें केलें नाहीं, व करण्याचें कारणहि नव्हतें. मागच्या वर्षीं 'आत्याबाईंना शिकवण्याइतकी तूं मोठी झालीस काय?' हे उद्गार ज्याच्या मुखांतून बाहेर पडले होते तो गृहस्थ, म्हणजे प्रस्तुत लेखक, समोरच सुपारी कातरीत बसला होता.

सगळे गप्प झालेले पाहून थोरल्या वहिनींचे चिरंजीव मध्यें पडले. हा माझा पुतण्या चाकणनजीकच्या एका कारखान्यांत पर्यवेक्षक आहे. तेथें दुचाकी गाड्यांच्या ब्रेकचे भाग जुळविले जातात, आणि कामाची सारी पद्धति एका परदेशी कंपनीकडून आलेली आहे. तो म्हणाला, "आत्याआजी, आमच्याकडे ह्यासाठीं दोर टांगलेला असतो."

"कसला रे दोर?"

त्यानें समजावून सांगितलें. कामगारांच्या रांगेवरून डोक्याच्या उंचीवर एक पिवळा दोर गेलेला असतो. कोणाहि कामगाराला, मग तो कालचा उमेदवार कां असेना, कांहीं चुकलेलें दिसलें तर त्यानें तो ओढावा. दिवा लागतो, वाद्य वाजतें, पर्यवेक्षक धांवत येतो, आणि ठरलेल्या वेळांत दोष दूर झाला नाहीं तर सारी रांग थांबते. चूक पुढच्या हातांत जाऊं द्यावयाची नाहीं, हा त्यांतील मुद्दा. आत्याबाईंनीं हें सर्व लक्षपूर्वक ऐकून घेतलें आणि वयाच्या ब्यायशींव्या वर्षीं शोभेल अशा सरळपणानें विचारलें, "मग तुझ्याकडे कोणी ओढतें का तो?"

पुतण्या थोडा वेळ विड्याचें पान पुसत राहिला. मग म्हणाला, "नाहीं."

ह्या 'नाहीं'चा मागोवा घेत घेत मी गेला महिनाभर बरेंच वाचन केलें. तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें. कारण एका देशांतील कारखान्याची रीत दुसऱ्या देशांतील कारखान्यांत नेऊन रुजविणें हें केवळ कारखानदारांचें काम आहे अशी माझी जी समजूत होती ती पार ढांसळली आहे.

ह्या दोराचें मूळ मोटारींत नसून कापडांत आहे. जपानांत साकिची टोयोडा नांवाचा एका सुताराचा मुलगा होऊन गेला. आयुष्यभर तो मागाच्याच मागें लागला होता. १९२४ सालीं पूर्णत्वास गेलेल्या त्याच्या स्वयंचलित मागाची खुबी अशी होती कीं, धागा तुटला तर माग आपोआप थांबे. ज्या मागाला अशी सोय नसे तेथें तुटल्या धाग्यानिशीं यंत्र तसेंच चालत राही व हातभर कापड वायां गेल्यावर कोणाच्या तरी लक्षांत येई. म्हणून अशा मागापाशीं माणसाला पहारा देत उभें राहावें लागे. माग स्वतःच थांबूं लागल्यावर एकीला अनेक माग पाहतां येऊं लागले. १९२९ सालीं इंग्लंडांतील ओल्डहॅम गांवच्या प्लॅट ब्रदर्स ह्या यंत्रें करणाऱ्या प्रसिद्ध पेढीनें ह्या मागाचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेतले. ज्या लँकेशायरच्या कापडानें आमच्या विणकरांचे माग बसविले, त्याच लँकेशायरनें विणण्याची युक्ति पूर्वेकडून पैसे मोजून घ्यावी, ह्याचा मला एक हिंदी माणूस म्हणून किंचित् आनंद झाला हें कबूल करतों. पुढें साकिचीच्या मुलानें १९३७ सालीं मोटारींची कंपनी काढली, आणि 'बिघाड दिसतांच थांब' हा मागाचा धर्म तेथें माणसांना लागूं झाला. दोर हें त्याचें दृश्य रूप.

दुसरा धागा अमेरिकेंतला. शिकागोजवळ टेलिफोनचीं यंत्रें करणारा एक प्रचंड कारखाना होता. त्या कंपनींत वॉल्टर शूहार्ट नांवाचे पदार्थविज्ञानाचे एक तज्ज्ञ होते. १६ मे १९२४ रोजीं त्यांनीं आपल्या वरिष्ठांना एका पानाचें टिपण दिलें. त्या पानावर एक आकृति होती. आज जगांतील हजारों कारखान्यांच्या भिंतींवर जी 'नियंत्रण-आकृति' लागलेली असते ती हीच. तिचें मर्म गृहिणीला पंडितापेक्षां लवकर समजेल. एकाच हातच्या शंभर पोळ्या तोलून पहा. दोन पोळ्या तंतोतंत सारख्या भरणार नाहींत. हा फरक कणीक, हात, लाटणें, तवा ह्यांच्या सहज चालण्यांतलाच आहे. त्यासाठीं कोणाला दोष देणें व्यर्थ. परंतु एखादी पोळी त्या नेहमींच्या हद्दीबाहेर जड किंवा हलकी निघाली तर तेथें कांहीं विशेष कारण घडलेलें आहे, तें शोधलेंच पाहिजे. ही हद्द कोठें आंखावी हें शूहार्टांनीं गणितानें ठरविलें. हद्दीच्या आंतल्या फरकासाठीं रोज उठून माप बदलणारा मनुष्य काम सुधारीत नाहीं, उलट बिघडवितो. आज वरण पातळ झालें म्हणून उद्यां मूठभर डाळ जास्त घालावयाची, परवां तें घट्ट झालें म्हणून पुन्हां कमी करावयाची, असें करणाऱ्या घरांत कोणत्याहि दिवशीं वरण मनासारखें होत नाहीं. आणि फरकाचें कारण रीतींत असतांना शब्द मात्र सुनेला खावे लागतात.

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें ह्या आकृतींचा चांगला उपयोग करून घेतला. युद्ध संपलें, जगांत मालाची टंचाई होती, जें निघेल तें खपत होतें. तेव्हां तेथील बड्या अधिकाऱ्यांनीं ह्या आकृति गुंडाळून ठेवल्या. शूहार्टांचे अनुयायी एडवर्ड्स डेमिंग ह्यांना ह्या गोष्टीचें शल्य पुढें कायम राहिलें. आपण इंजिनियरांना शिकविलें, पण त्यांच्या डोक्यावर बसणाऱ्यांना शिकविलें नाहीं, असें ते म्हणत. जपानांत त्यांनीं ही चूक टाळली.

पराभूत जपानांत त्या वेळीं धड टेलिफोनहि लागत नव्हता. विजेत्यांनाच आपले हुकूम लोकांपर्यंत पोंचविण्यास रेडिओ हवे होते, आणि तेथील कारखान्यांतून निघणारे रेडिओ नीट चालत नव्हते. म्हणून सेनापति मॅकआर्थर ह्यांच्या कचेरींतील होमर सॅरासोन व चार्ल्स प्रॉट्झमन ह्या दोन इंजिनियरांनीं १९४९-५० च्या सुमारास जपानी कारखान्यांच्या चालकांसाठीं वर्ग काढले. पुढच्याच उन्हाळ्यांत, १९५० सालीं, जपानी शास्त्रज्ञ व इंजिनियर ह्यांच्या संघानें डेमिंगांना बोलाविलें. त्यांनीं तोक्योंत आठ दिवसांचा वर्ग घेतला. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट १३ जुलैच्या सायंकाळीं झाली. उद्योगपतींच्या महासंघाचे अध्यक्ष इचिरो इशिकावा ह्यांनीं निमंत्रण धाडून एकवीस बड्या कारखानदारांना एका भोजनास आणून बसविलें, आणि डेमिंगांनीं त्यांच्याशीं प्रत्यक्ष बोलणें केलें. शेवटीं तपासून वाईट माल बाजूस काढण्यानें माल सुधारत नाहीं, तो होतांनाच चांगला झाला पाहिजे, आणि ही जबाबदारी मुख्यतः चालकांची आहे, हें त्यांच्या सांगण्याचें सार. डेमिंगांनीं व्याख्यानांच्या पुस्तकाचे हक्कहि घेतले नाहींत. त्या पैशांतून १९५१ सालीं त्यांच्या नांवाचें पारितोषिक सुरू झालें.

येथें मला आमच्या सोंवळ्याच्या स्वयंपाकघराची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. नैवेद्य चाखून पाहतां येत नाहीं, म्हणून आमच्या आज्या-पणज्यांना 'शेवटची तपासणी' ठाऊकच नव्हती. डाळीला पाणी किती, पुरणाला गूळ किती, आधण कोणत्या आवाजाला उतरावयाचें, हें सारें वाटीच्या, मुठीच्या व कानाच्या मापांनीं इतकें पक्कें बांधलेलें असे कीं न चाखतां चव साधे. डेमिंगांचें अर्धें शास्त्र त्या बायकांच्या हातांत होतें. उरलेलें अर्धें मात्र नव्हतें, आणि त्याकडे मी पुढें येणारच आहे.

आतां एक गोष्ट ऐकून वाचकांना नवल वाटेल. खुद्द शूहार्ट, म्हणजे गुरूच, १९४७-४८ सालीं हिंदुस्थानांत आले होते. कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबीस ह्यांनीं त्यांना बोलाविलें होतें. त्यांनीं देशभर प्रवास केला, कारखानदारांशीं चर्चा केली. डेमिंगांच्या त्या तोक्योच्या भोजनापूर्वीं दोन वर्षें ही विद्या मूळ पुरुषाच्या मुखानें आमच्या दाराशीं येऊन गेली होती! पुढें त्या संस्थेनें मुंबईसारख्या औद्योगिक शहरांत ह्याच कामाच्या शाखाहि काढल्या, त्यांतून चांगले तज्ज्ञ तयार झाले. तरीहि जें जपानांत वीस वर्षांत झालें तें आमच्याकडे पन्नास वर्षें झालें नाहीं. आमच्यांत बुद्धि कमी होती असें म्हणण्यास मी तयार नाहीं. मला कारण निराळें दिसतें. स्कूटरसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहणारा जो गृहस्थ शेवटीं किल्ली हातांत पडतांच पेढे वांटतो, त्याच्यासाठीं माल सुधारण्याची गरज कोणाला भासणार? परवान्यांच्या त्या राज्यांत गिऱ्हाईक हें विनंतीअर्ज करणारें माणूस होतें. जपानला आपला माल परक्या गिऱ्हाइकाच्या दारांत नेऊन विकल्यावांचून अन्नच मिळणार नव्हतें.

जपान्यांनीं घेतलेली वस्तु घेतली तशीच ठेवली नाहीं, हें विशेष. अमेरिकेंत आकृति तज्ज्ञांच्या मेजावर होती. ती त्यांनीं कामगाराच्या हातीं दिली. इचिरो इशिकावा ह्यांचे चिरंजीव काओरू इशिकावा हे प्राध्यापक होते. त्यांच्या पुढाकारानें १९६२ सालीं मुकादमांसाठीं एक नियतकालिक निघालें आणि तें एकत्र बसून वाचण्यासाठीं कामगारांचीं लहान लहान मंडळें बनलीं. 'गुणवत्ता-मंडळ' म्हणून जी कल्पना पुढें जगभर गेली तिचें मूळ हें. नियतकालिकाभोंवतीं एकत्र बसणाऱ्या वाचकांना ह्या गोष्टीचें कौतुक वाटेल, अशी खात्री असल्यानें मुद्दाम नमूद केली.

आतां ज्या प्रकरणासाठीं हा सारा खटाटोप केला तिकडे येतों. कॅलिफोर्नियांत फ्रीमाँट म्हणून गांव आहे. तेथें जनरल मोटर्स ह्या बलाढ्य कंपनीचा एक कारखाना होता, आणि त्याची कीर्ति भलत्याच कारणांसाठीं होती. कोणत्याहि दिवशीं पांचांतला एक कामगार गैरहजर, कामावर दारू, अचानक संप, तक्रारअर्जांचे ढीग. रांग कोणत्याहि परिस्थितींत थांबवावयाची नाहीं, हा तेथील एकमेव अभंग नियम होता. इंजिन उलटें बसलें तरी गाडी पुढें जाऊं द्यावी, मागाहून अंगणांत ती दुरुस्त करावी. १९८२ सालीं कंपनीनें कंटाळून त्याला कुलूप ठोकलें.

दोनच वर्षांनीं तो पुन्हां उघडला. टोयोटा व जनरल मोटर्स ह्यांनीं भागीदारी केली होती. टोयोटाला अमेरिकन कामगारांकडून आपली रीत चालते कीं नाहीं हें पहावयाचें होतें, आणि जनरल मोटर्सला ती रीत शिकावयाची होती. इमारत तीच, कामगारसंघ तोच, आणि घेतलेले बहुसंख्य कामगारहि जुनेच, तेच ते बदलौकिकाचे. त्यांच्यापैकीं शेंकडों जणांना तुकड्यातुकड्यांनीं जपानांत ताकाओका येथील कारखान्यांत नेण्यांत आलें. तेथें त्यांना दिसलें कीं, कामगारानें दोर ओढला तर मुकादम धांवत येतो आणि 'कोणाची चूक?' असें न विचारतां 'काय अडलें?' असें विचारतो. आयुष्यांत कोणीं आपल्याला हा प्रश्न विचारला नव्हता, असें त्यांच्यांतील कित्येकांनीं पुढें सांगितलें. निरोपाच्या वेळीं धिप्पाड अमेरिकन पुरुष जपानी सोबत्यांच्या गळ्यांत पडून रडले, असेंहि वर्णन आहे.

डिसेंबर १९८४ मध्यें फ्रीमाँटमधून नवी गाडी बाहेर पडली. वर्ष-दोन वर्षांत तेथील मालाची प्रत जनरल मोटर्सच्या इतर कोणत्याहि कारखान्याच्या वर गेली. गैरहजेरी पूर्वीच्या मानानें नांवाला उरली. दोर तेथेंहि होता आणि दिवसभर ओढला जात होता. अधिकाऱ्यांसाठीं निराळी भोजनशाळा नव्हती, गाड्या उभ्या करण्यास राखीव जागा नव्हत्या. शिवाय कामगारसंघाला असें आश्वासन दिलेलें होतें कीं, कंपनीचें अस्तित्वच धोक्यांत आल्याखेरीज कोणाला काढणार नाहीं. १९८८ च्या सुमारास गाड्यांचा खप घटला, कारखाना पुष्कळसा रिकामा चालूं लागला, तेव्हां ह्या आश्वासनाची कसोटी लागली. कोणाला घरीं पाठविलें नाहीं. रिकाम्या वेळांत त्यांना शिकविण्याचे वर्ग चालविले.

हें यश पाहून जनरल मोटर्सनें तीच रीत लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइस येथील आपल्या कारखान्यांत नेण्याचें ठरविलें. दोर आला. गट आले. तक्ते आले. परंतु कामगारांना वाटलें, ही आपल्याकडून जास्त राबवून घेण्याची नवी युक्ति. जुन्यांना वाटलें, आपली ज्येष्ठता जाणार. आणि मुकादमांच्या बढत्या व बक्षिसें पूर्वीप्रमाणेंच 'आज गाड्या किती निघाल्या' ह्या एका आंकड्यावर अवलंबून राहिलीं. ज्याचा पगार आंकड्यावर, तो दोर ओढूं देईल कसा? शिवाय सुटे भाग पुरविणारे जुनेच होते. भाग बसत नाहीं म्हणून रांग थांबविली तरी तो भाग सुधारून आणणारें कोणी नव्हतें. दुसऱ्या एका ठिकाणच्या एका अधिकाऱ्यानें तर फ्रीमाँटच्या कारखान्याच्या कोपऱ्याकोपऱ्याचीं छायाचित्रें काढून आणण्याचा व आपला कारखाना हुबेहूब तसा दिसेल असें करण्याचा हुकूम सोडल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. टोयोटानें मात्र पाहुण्यांपासून कांहीं लपविलें नाहीं. पाहण्यासारखें जें होतें तें सर्व त्यांनीं मोकळेपणीं दाखविलें. व्हॅन नाइसचा कारखाना १९९२ सालीं बंद झाला. फ्रीमाँटचा चालत राहिला. पण २००९ सालीं जनरल मोटर्सचें दिवाळें निघून ती भागीदारींतून बाहेर पडली, आणि १ एप्रिल २०१० रोजीं त्या कारखान्यांतून शेवटची गाडी निघाली. पंचवीस वर्षें पाळलेलें आश्वासन तेथें संपलें.

आमच्या देशांत ही रीत मोठ्या प्रमाणावर आली ती १९८३ सालीं गुडगांवच्या मारुतीबरोबर. सुझुकी कंपनीच्या लोकांनीं यंत्रांइतकाच आग्रह धरला तो दोन-तीन साध्या गोष्टींचा: वरपासून खालपर्यंत सर्वांना एकच गणवेश, आणि सर्वांना एकच भोजनशाळा. आमच्या अधिकारीवर्गाला यंत्रें समजलीं, भोजनशाळा समजण्यास वेळ लागला. त्यांना हंसण्याचा अधिकार निदान आमच्यासारख्या घरांना नाहीं. पंक्तिभेद म्हणजे काय हें आम्हांला जितकें ठाऊक आहे तितकें कोणाला असणार? ज्याच्याबरोबर ताट मांडीत नाहीं त्याच्याकडून आपली चूक ऐकून घेणें कठीण जातें, हें जपान्यांनीं ओळखलें होतें. तरीहि एका भोजनशाळेनें सर्व कांहीं साधतें असें नव्हे. त्याच कंपनीच्या मानेसर येथील कारखान्यांत १८ जुलै २०१२ रोजीं दंगल होऊन एका अधिकाऱ्याचा जीव गेला. त्यापूर्वींच्या असंतोषांत कंत्राटी कामगारांचा प्रश्न मोठा होता. एकाच ताटांत जेवणाऱ्या दोघांपैकीं एकाची नोकरी कायमची व दुसऱ्याची हंगामी असली तर दोर दोघांच्या हाताला सारखा लागत नाहीं.

चांगलीं उदाहरणेंहि आहेत. मद्रासच्या सुंदरम-क्लेटन कंपनीच्या ब्रेक-विभागाला १९९८ सालीं डेमिंग पारितोषिक मिळालें, तें मिळविणारी ती पहिली हिंदी कंपनी. २००३ सालीं महिंद्र कंपनीच्या ट्रॅक्टर-विभागानें तें मिळविलें. त्याचे कारखाने आपल्या कांदिवलीस व नागपुरास आहेत, म्हणून तो मान थोडा आपलाहि. जगांत कोणत्याहि ट्रॅक्टरवाल्याला तो त्यापूर्वीं मिळाला नव्हता. अशा पारितोषिकामागें जपानी परीक्षकांपुढें वर्षानुवर्षें आपले दोष आपल्याच तोंडानें मांडण्याची तपश्चर्या असते. उलट १९८७ पासून जीं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रें निघालीं त्यांचें आमच्याकडे काय झालें हें पुण्यांतील कोणत्याहि रस्त्यावरून चालणाऱ्याला दिसेल. शिकवणीच्या वर्गापासून मंगल-कार्यालयापर्यंत सर्वत्र त्यांच्या पाट्या आहेत. त्या प्रमाणपत्रांत स्वतः कांहीं वाईट नाहीं. जें करतां तें लिहा, आणि जें लिहिलें तें करा, एवढेंच तीं सांगतात. पण लिहिण्यांत आम्ही पहिल्यापासून हुशार.

मागील पंधरवड्यांत पुतण्या पुन्हां येऊन गेला. मीं हें सर्व पुराण त्याला ऐकविलें. फ्रीमाँटच्या कामगारांचें रडणें ऐकून तो हंसला नाहीं. बराच वेळानें त्यानें जें सांगितलें तें त्याच्या अनुमतीनें येथें लिहितों. त्याच्या रांगेवर बीड जिल्ह्यांतून आलेली एक मुलगी होती, सात महिन्यांच्या कंत्राटावर. कामाच्या पहिल्याच आठवड्यांत एका भागांत स्प्रिंग बसलेली नाहीं असें तिला वाटलें आणि शिकविल्याप्रमाणें तिनें दोर ओढला. स्प्रिंग बसलेली होती. त्या तासाला आंकडा आधींच कमी भरत होता. हा सर्वांदेखत तिला म्हणाला, "एका स्प्रिंगसाठीं पंचवीस माणसें उभीं केलींस?" त्यानंतर त्या रांगेवर दोर कोणीं ओढला नाहीं. तीन महिन्यांनीं गिऱ्हाईक कंपनीकडून एक खेप परत आली. कांहीं भागांत स्प्रिंगा नव्हत्या. गाड्यांवर चढण्यापूर्वीं तें उघडकीस आलें हें नशीब. तो ब्रेकचा भाग होता. चौकशींत त्यानें त्या मुलीला विचारलें, तुझ्या लक्षांत आलें नव्हतें का? ती म्हणाली, "आलं होतं ना साहेब."

"काका," तो मला म्हणाला, "आमटीच्या दिवशीं वहिनी खालीं पाहून बोलली ना, अगदीं तशीच ती बोलली."

मीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. आंत जाऊन पाणी पिऊन आलों.

परवां त्याचा फोन आला. सोमवारीं पाळी सुरू होतांच त्यानें रांगेवर सर्वांना गोळा करून मागची चूक आपली होती असें सांगितलें, आणि मग एक किरकोळ ओरखडा दिसल्यावरून स्वतःच्या हातानें दोर ओढून दाखविला. दुपारपर्यंत तो आणखी नऊ वेळां ओढला गेला. पाळीअखेर माल चाळीस नगांनीं कमी भरला. व्यवस्थापकांनीं लेखी खुलासा मागितला आहे. बीडच्या मुलीचें काय म्हणून मीं विचारलें. तिचें कंत्राट गेल्या महिनाअखेर संपलें, ती गांवीं गेली. कंत्राटदाराकडून तिचा ठावठिकाणा मिळविण्याची खटपट तो करीत आहे.

खुलाशाचा मसुदा त्यानें मजकडे भाषा तपासण्यास धाडला आहे. घरांत आल्यागेल्या कागदांची भाषा तपासण्याचें काम पूर्वापार माझ्याकडे आहे. ह्या वेळीं मीं तो आधीं धाकट्या सुनेला वाचावयास दिला. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं बसून दोनदां वाचून म्हणाली, "बाबा, शेवटीं त्यांनीं 'क्षमस्व' लिहिलें आहे तें काढा." आत्याबाईंनीं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलें. मीं लेखणी घेऊन तो शब्द खोडला.